तीन नंबरचा बावटा आणि त्यामागची दीडशे वर्षं

मे महिन्याच्या अखेरीस किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोकणातल्या कुठल्याही बंदरावर गेलं, की जाळं विणत बसलेल्या एखाद्याच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी कानी पडतंच : "तीन नंबर लागलाय." त्यावर कुणी जास्त काही विचारत नाही. होड्या खाडीत आत ओढल्या जातात, नांगराला दुसरा दोर बांधला जातो, बर्फ भरायचा थांबतो.

तीन नंबर म्हणजे बंदरावरच्या काठीला चढलेला धोक्याचा बावटा. बावटा म्हणायचं, पण तो कापडाचा झेंडा नसतो. दिवसा शंकू आणि नळकांडी टांगायची, रात्री तांबडे-पांढरे दिवे लावायचे, अशी ती खुणांची भाषा आहे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदरालाच वाऱ्याचा धोका आहे. पाचपासून सातपर्यंत धोका, आठपासून दहापर्यंत महाधोका. आणि अकरावी खूण सगळ्यांत वेगळी : इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. वादळात निरोप पोचवणारी तारच पहिल्यांदा तुटते, हे ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही पद्धत आली कोलकात्याहून. १८६४च्या ऑक्टोबरात कोलकात्याला भीषण चक्रीवादळ झालं आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ची. १८८०मध्ये पश्चिम किनाऱ्याचा नंबर लागला आणि मुंबईबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्ला या आपल्या बंदरांनाही इशारे मिळू लागले. म्हणजे कोकणाला वादळाची पूर्वसूचना मिळते आहे ती आजकालची नाही. मात्र ती होती जहाजांसाठी. बंदरामागच्या वाडीत, कौलारू घरात राहणाऱ्या माणसासाठी त्यात काहीच नव्हतं. आजच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे बघताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इशारा आधी आला आणि माणसांना हलवण्याची व्यवस्था त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी आली.

जहाजांना तरी तो इशारा पुरला का? नोव्हेंबर १९२७मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. 'रामदास'ला चक्रीवादळाने बुडवलं नव्हतं, तरीही कोकणातल्या कुठल्याही बचावकार्याचा इतिहास तिला वगळून सांगता येणार नाही. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. ती बुडाल्याचं मुंबईला कळायला कित्येक तास गेले. जी थोडी माणसं वाचली त्यांतल्या अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. सरकार पोचायच्या आधी शेजारची होडी पोचते, हा या किनाऱ्याचा तेव्हापासूनचा अनुभव आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८मध्ये, मुंबईला मोठ्या चक्रीवादळाने झोडपलं.

इथे एक खुलासा करायला हवा. १८८२मध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसं मेली, असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. त्या काळच्या नोंदींत अशा वादळाचा मागमूस नाही आणि अभ्यासकांनी ती दंतकथा ठरवली आहे. खरी वादळं एवढी झालेली असताना या खोट्या वादळाचा दाखला पुन्हा पुन्हा दिला जातो, याचं वाईट वाटतं.

जमिनीवरचा कारभार वेगळ्याच वाटेने वाढला. ब्रिटिश अमलापासून जिल्ह्याच्या संकटाचा धनी कलेक्टर. पण त्याचं काम संकट येऊन गेल्यावर सुरू व्हायचं : पंचनामा, तगाई म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज, धान्य. दुष्काळाच्या अनुभवातून घडलेली ही रीत. दुष्काळ महिनोन्महिने चालतो, वादळ एका दुपारी संपतं, हा फरक तिच्या हिशेबात नव्हता.

महाराष्ट्राला तयारीची भाषा शिकवली ती किल्लारीच्या भूकंपाने, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून जिल्हावार आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभे राहिले. मग १९९९चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, २००१चा भूजचा भूकंप, २००४ची त्सुनामी. २००५च्या जुलैत तर घरचाच घाव बसला. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच सुमारास महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे दरडींनी घरंच्या घरं गिळली. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, ही रचना त्या कायद्याची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे आपण ज्याला एनडीआरएफ म्हणतो ते, २००६मध्ये उभं राहिलं. कोकणात येणाऱ्या तुकड्या बहुतेक वेळा पुण्याजवळच्या पाचव्या बटालियनच्या असतात.

भूकंप, पूर आणि दूरच्या ओडिशाचं वादळ यांतून शिकलेली ही यंत्रणा. कोकणच्या समुद्राने तिची परीक्षा घेतली ती नोव्हेंबर २००९मध्ये. 'फयान' चक्रीवादळाने ११ तारखेला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा गाठला. जमिनीवरचा वारा फार भयंकर नव्हता. घात झाला तो समुद्रात. ऐन हंगामात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नौका आठ-आठ दिवसांच्या फेरीवर खोल पाण्यात होत्या. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, वायरलेस सगळ्यांकडे नसतो. अशा नौकांपर्यंत इशारा पोचायचा कसा? कितीतरी घरं वाट बघत राहिली. आणि वाट बघणाऱ्यांपुढे कायदा उभा राहिला. तेव्हाच्या १८७२च्या पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षं ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत धरला जायचा. तोवर तो बेपत्ता. मृत्यूचा दाखला नसला की मदत अडते, कर्जाचा हप्ता मात्र अडत नाही.

'फयान'च्या एक वर्ष आधी मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला होता. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं, नौकांची काटेकोर नोंदणी, जाता-येतानाची नोंद हे सगळं सुरू झालं ते सुरक्षेसाठी. पण आज वादळाच्या वेळी समुद्रात किती नौका आणि किती माणसं आहेत हे मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी सांगू शकतो, ते याच नोंदींच्या जोरावर. डिसेंबर २०१७मध्ये 'ओखी' वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ माणसांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. तिकडे घरच्यांच्या जिवात जीव आला तो इथून गेलेल्या आकड्याने.

आता ३ जून २०२०. 'निसर्ग'. इशाऱ्यांचे टप्पे १९९९पासून ठरलेले आहेत : ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी सतर्कता, २४ तास आधी इशारा, १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतरचा अंदाज. अरबी समुद्रात वादळ जवळच जन्मलं तर एवढे तास मिळतीलच असं नाही. 'निसर्ग'चं चक्रीवादळात रूपांतर झालं २ जूनला आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर होतं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह. त्यात कोरोनाची टाळेबंदी. कच्च्या घरांतल्या माणसांना शाळेत आणायचं, पण खेटून बसवायचं नाही.

या चोवीस तासांत कोण काय करतं ते पाहण्यासारखं आहे. हवामान खात्याचं पत्रक मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षात येतं, तिथून जिल्ह्याच्या कक्षात. तो बहुधा निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालतो आणि १०७७ हा फोन तिथेच वाजतो. मेरीटाइम बोर्डाचा बंदर निरीक्षक बावटा चढवतो, मत्स्यव्यवसाय खातं मच्छीमार सोसायट्यांना कळवतं, तटरक्षक दल समुद्रात घोषणा करत फिरतं. बांधकाम खातं जेसीबी आणि करवती नाक्यानाक्यावर ठेवतं, महावितरण वारा वाढला की वीज स्वतःहून बंद करतं. पण शेवटच्या घराचं दार वाजवतात ते तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल आणि पोलीस पाटील. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे आणि कोण बाई दिवस भरलेली आहे, हे त्यांनाच माहीत असतं. त्या दिवशी हजारो माणसं हलवली गेली आणि एवढ्या मोठ्या वादळात माणसं फार थोडी दगावली. त्याचं श्रेय मी या चौघांना आधी देईन.

माझी आत्या दिवेआगरला राहते. सकाळी वारा जमिनीकडून होता, म्हणते. पत्रे उडाले, आंब्याची फांदी मोडली. मग अचानक सगळं थांबलं. माणसं बाहेर येऊन कौलं बघू लागली. शेजारच्या काकांनी ओरडून सगळ्यांना आत घातलं. "अजून परतीचा वारा यायचाय!" वादळाचं केंद्र डोक्यावरून जातं तिथे असंच होतं. थोड्या वेळाने उलट्या दिशेने, समुद्राकडून, पहिल्यापेक्षा मोठा वारा आला आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मधोमध मोडत गेल्या. काडी मोडल्यासारखा आवाज येत होता, सलग, अर्धा तास. मनोरे पडले, फोन बंद झाले. मला तिचा आवाज ऐकायला पाच दिवस लागले. काठीला कुणी तसा बावटा लावला नव्हता, पण ती अकरा नंबरचीच वेळ होती.

रस्ते आधी गावकऱ्यांनीच मोकळे केले, कोयत्याने आणि हातकरवतीने. वीज यायला काही गावांत महिना उलटला. किनारी वीज जमिनीखालून नेण्याचा विचार काही नवा नव्हता. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५चा, आणि अलिबागच्या भूमिगत वीजवाहिन्या त्यातल्याच. गावोगाव मात्र अजून खांबच आहेत.

खरा गुंता पुढे होता. सरकारने तातडीने रायगडला १०० कोटी, रत्नागिरीला ७५ कोटी, सिंधुदुर्गाला २५ कोटी जाहीर केले. बागांची भरपाई ठरलेल्या हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. पण कोकणातली वाडी, म्हणजे घराभोवतीची बाग, हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण पाचशे रुपये. दहा गुंठ्यांत नारळ, पोफळ, जायफळ, मिरी, केळी एकावर एक लावलेली असतात. त्यावर घर चालतं, आणि भरपाई पाच हजार. आरडाओरडा झाल्यावर झाडामागे मदत ठरली : नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. जीव वाचवण्याची व्यवस्था ओडिशाकडून शिकता आली. बागायतीचं मोजमाप कुणाकडून शिकता येणार नव्हतं, ते इथेच ठरायला हवं होतं आणि वादळाच्या आधी ठरायला हवं होतं.

पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' आलं. किनाऱ्याला समांतर सरकत १७ मे २०२१च्या रात्री गुजरातेत घुसलं. त्याच्या तडाख्यात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ कामगारांच्या राहण्याचा पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आहे आणि अतितीव्र वादळांची दीडशे टक्क्यांनी. समुद्र तापतो आहे.

आत्याने त्याच पावसात पोफळीची नवी रोपं लावली, श्रीवर्धनी जातीची. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून सावली केली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. वाकलेल्या पण न मोडलेल्या अकरा जुन्या पोफळी तिने दोरांनी ताणून उभ्या केल्या होत्या. त्यांतल्या सात जगल्या. दोर अजून तसेच आहेत, बुंध्यात रुतलेले, आणि मे उजाडला की ती प्रत्येकाची गाठ स्वतः हाताने तपासून बघते.