रन डिफरन्शियल म्हणजे नेट रन रेट नव्हे

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या माझ्या मराठी परिचितांमध्ये दर वर्षी एकच संभाषण ऐकू येते. आवडता बेसबॉल संघ गुणतक्त्यात खाली घसरलेला असतो. कोणीतरी धीर देतो की आपला रन डिफरन्शियल अजून चांगला आहे, तो शेवटी उपयोगी पडेल. दुसरा त्यात भर घालतो की आता दोन-चार सामने मोठ्या फरकाने जिंकून तो आणखी वाढवून ठेवायला हवा. ही दोन्ही विधाने क्रिकेटमध्ये बिनचूक आहेत आणि बेसबॉलमध्ये दोन्ही चुकीची आहेत. बेसबॉलची चांगली जाण असलेली, पिचरची (चेंडू फेकणाऱ्यांची) नावे आणि आकडे तोंडपाठ असलेली माणसेसुद्धा हा घोळ करतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नेट रन रेटबद्दल मराठी वाचकाला नव्याने काही सांगायला नको. आयपीएलच्या साखळीत गुण समान झाले की तो निर्णय देतो. २०१४ मध्ये पहिले पाच सामने हरलेल्या मुंबईला वानखेडेवर आदित्य तरेच्या षटकाराने बाद फेरीत नेले, ते याच नियमामुळे. २०२४ मध्ये बंगळूरुने पहिल्या आठपैकी सात सामने गमावले, मग उरलेले सहाही जिंकले आणि चेन्नईइतकेच १४ गुण असताना केवळ सरस धावगतीवर पुढची फेरी गाठली. तिथे प्रत्येक जादा धाव संघाच्या खात्यात जमा होते आणि वेळ आली की खर्चही करता येते.

रन डिफरन्शियल, म्हणजे धावफरक, हा दिसायला त्याचाच भाऊ वाटतो. हंगामात केलेल्या एकूण धावांतून दिलेल्या एकूण धावा वजा केल्या की तो मिळतो. एक दर षटकामागे मोजतात आणि दुसरा एकूण बेरजेत, हा भेद किरकोळ आहे आणि त्यावर कोणी अडखळत नाही. बेसबॉलमध्ये एक संघ एका सामन्यात साधारण चार-पाच धावा करतो, त्यामुळे तिथली एक धाव क्रिकेटमधल्या एका धावेपेक्षा कितीतरी मोलाची असते, हेही दोन सामने पाहिले की कळते.

खरा भेद असा आहे की बेसबॉलच्या गुणतक्त्यात धावफरकाला शून्य किंमत आहे. तो तक्त्यात छापलेला असतो, आणि घोळाचे मूळ बहुधा तेच आहे. पण बाद फेरीत कोण जाणार हे ठरवताना त्याला कोणी विचारत नाही. २०२२ पासून दोन संघांचे विजय समान झाले तर आधी त्यांच्यातल्या परस्पर सामन्यांचा निकाल पाहतात, त्यानेही निर्णय झाला नाही तर आपापल्या विभागातील सामन्यांची कामगिरी पाहतात. अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा म्हणजे मेजर लीग, आणि नॅशनल लीग हा तिच्या दोन गटांपैकी एक. २०२४ च्या नॅशनल लीगमध्ये न्यूयॉर्क मेट्स, अटलांटा ब्रेव्ह्ज आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स या तिघांचेही ८९ विजय आणि ७३ पराभव झाले. अ‍ॅरिझोनाने त्या वर्षी ८८६ धावा केल्या होत्या, संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि त्यांचा धावफरक अधिक ९८ होता. मेट्सचा अधिक ७१. आयपीएलचा नियम लावला असता तर मेट्स घरी गेले असते. प्रत्यक्षात परस्पर सामन्यांत मागे पडल्यामुळे अ‍ॅरिझोना घरी गेले आणि मेट्स नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले.

याहून बोलके उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचे आहे. २०२३ मध्ये सॅन डिएगो पॅड्रेसने ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या, म्हणजे धावफरक अधिक १०४. बिल जेम्स या बेसबॉल विश्लेषकाचे एक प्रसिद्ध सूत्र आहे: केलेल्या धावांच्या वर्गाला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की त्या संघाने साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळते. पॅड्रेसचे आकडे त्यात घातले की १६२ सामन्यांत ९३ विजय येतात. त्यांनी ८२ जिंकले. एका धावेने सुटलेल्या सामन्यांत त्यांचे ९ विजय आणि २३ पराभव होते; बरोबरीमुळे एक्स्ट्रा इनिंगमध्ये, म्हणजे जादा डावांत, गेलेल्या १४ सामन्यांपैकी फक्त २ त्यांनी जिंकले. त्याच लीगमध्ये मायामी मार्लिन्सने ६६६ धावा करून ७२३ दिल्या होत्या, म्हणजे धावफरक उणे ५७. परंतु एका धावेच्या सामन्यांत ३३ विजय आणि १४ पराभव, आणि एकूण विजय ८४. मायामी बाद फेरीत गेले आणि पॅड्रेस दोन विजयांनी मागे राहिले. ती अधिक १०४ ची थैली त्यांना कुठेही उघडता आली नाही.

मग हा आकडा पाहायचाच कशाला? कारण तो झालेल्या गोष्टींचे बक्षीस देत नसला तरी पुढे काय होण्याचा संभव आहे ते विजय-पराभवांच्या नोंदीपेक्षा बऱ्याचदा अधिक खरेपणाने सांगतो. एका धावेने सुटणाऱ्या सामन्यात एखादा विचित्र उसळलेला चेंडू, एखादा पंचांचा निर्णय, एखादी चुकलेली फेक निकाल फिरवते, आणि अशा सामन्यांतले यश फार थोड्या संघांना वर्षानुवर्षे टिकवता येते. धावा करण्याची आणि रोखण्याची ताकद मात्र टिकते. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पॅड्रेसने ह्वान सोतोसारखा फलंदाज देऊन टाकल्यावरही ९३ सामने जिंकले, आणि मायामीने १०० गमावले. मायामीच्या बाबतीत दुखापती आणि खेळाडूंची विक्री यांचाही मोठा वाटा होता हे मान्य करायला हवे, पण दोन्ही संघ कोणत्या दिशेने सरकणार हे धावफरकाने आधीच दाखवले होते. आपल्याकडे पिकाची पैसेवारी काढतात त्यासारखा हा प्रकार आहे. शेत पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो, म्हणून कणगीत दाणे पडत नाहीत. नेट रन रेट हा कणगीतला दाणा आहे आणि रन डिफरन्शियल ही पैसेवारी आहे.

आता घसरलेल्या संघाकडे वळू, कारण या गोंधळाचा सर्वांत मोठा त्रास तिथेच होतो. समजा, ५५ सामन्यांनंतर एका संघाचे २२ विजय आणि ३३ पराभव झाले आहेत, आणि तरीही धावफरक अधिक १५ आहे. साधारण दहा धावांचा फरक एका विजयाइतका धरतात. त्या हिशेबाने या संघाचे आतापर्यंत २९ विजय व्हायला हवे होते. म्हणजे सात विजय नशिबाने हिरावले. इथपर्यंत सगळे बरोबर बोलतात. यानंतर जवळजवळ प्रत्येक जण असे धरून चालतो की ते सात विजय आता परत मिळतील, नशीब भरपाई करील, शेवटी सगळे समसमान होईल. ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते. धावफरक एवढेच सांगतो की हा संघ यापुढे आपल्या खऱ्या ताकदीने खेळेल. उरलेल्या १०७ सामन्यांत तो ५५ ला २९ या प्रमाणात जिंकेल, म्हणजे सुमारे ५६ सामने, आणि हंगामाअखेरीस त्याचे ७८ विजय होतील. गेलेले सात विजय गेलेलेच राहतील. नाणे सलग पाच वेळा काटा पडले म्हणून सहाव्या वेळी छापा पडण्याची शक्यता वाढत नाही, हे शाळेत शिकलेली माणसे आपल्या संघाच्या बाबतीत ते विसरतात, आणि त्यात नेट रन रेटची सवय मिसळली की साठवलेल्या धावा कुठेतरी वठतील अशी आशा पक्की होते.

तेव्हा संघ सावरेल का, या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. संघ आतापेक्षा बरा खेळेल का, याचे उत्तर धावफरक देऊ शकतो आणि बहुतेक वेळा ते होकारार्थी असते. संघ बाद फेरीत पोहोचेल का, याचे उत्तर देण्यासाठी वजाबाकी करावी लागते. नॅशनल लीगमध्ये २०२२ पासून २०२५ पर्यंत शेवटची जागा अनुक्रमे ८७, ८४, ८९ आणि ८३ विजयांवर मिळाली. आपल्या कल्पित संघाने ८६ चे लक्ष्य धरले तर त्याला १०७ पैकी ६४ सामने जिंकावे लागतील. पूर्ण हंगामभर तो वेग राखला तर ९७ विजय होतात. अधिक १५ चा धावफरक असलेला संघ तेवढा बलवान नसतो. बंगळूरुने सहा सामने सलग जिंकून हंगाम वाचवला, पण बेसबॉलमध्ये सलग सहा विजय हे एका आठवड्याचे काम आहे आणि त्यानंतरही शंभर सामने उरतात. तिथे एका लाटेवर किनारा गाठता येत नाही.

जे संघ खरोखर वर आले, त्यांनी ही वजाबाकी पुरी केली. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सचे ५० सामन्यांनंतर १९ विजय आणि ३१ पराभव होते. पुढच्या ११२ सामन्यांत त्यांनी ७४ जिंकले, ९३ विजयांवर हंगाम संपवला आणि ह्यूस्टनला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, घेतली. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने २२ विजय आणि २९ पराभवांवर मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) बदलला, उरलेल्या १११ पैकी ६५ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत धडक मारली. २०२४ च्या मेट्सचे मे महिना संपत आला तेव्हा नेमके २२ विजय आणि ३३ पराभव होते. माझा कल्पित संघ मी तिथूनच घेतला आहे. त्यांनी नंतर १०७ पैकी ६७ जिंकले. या तिघांपैकी कोणालाही नशिबाने भरपाई दिली नाही. ते सुरुवातीच्या दिवसांपेक्षा खरोखर चांगले संघ झाले होते.

हे चांगले होणे धावफरकात लगेच दिसत नाही, आणि या आकड्याची खरी मर्यादा तीच आहे. त्यात एप्रिलच्या धावा आणि ऑगस्टच्या धावा एकाच टोपलीत पडतात. वॉशिंग्टनचा ट्रे टर्नर बोट मोडल्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत बाहेर होता आणि त्या काळात त्यांच्या बुलपेनने, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरांनी, हातातले सामने घालवले होते. टर्नर परतल्यावरही त्या पडत्या काळातल्या धावा एकूण बेरजेतून पुसल्या गेल्या नाहीत. २०२१ च्या अटलांटाचे तर ऑगस्ट उजाडेपर्यंत पराभवांपेक्षा विजय जास्त नव्हते. रोनाल्ड अकुन्याचा गुडघा जुलैत दुखावला आणि संघाने त्याच महिन्यात आउटफिल्डसाठी चार नवे खेळाडू आणले. ८८ विजयांवर बाद फेरी गाठून त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणून मी पहिल्या पन्नासेक सामन्यांआधीच्या धावफरकाकडे लक्ष देत नाही, आणि त्यानंतरही तो महिन्यामहिन्याने फोडून पाहतो: कोण जखमी होते, कोण परत आले, धावा सुरुवातीच्या पिचरने दिल्या की बुलपेनने.

आणखी एक गोष्ट क्रिकेटच्या सवयीमुळे नजरेतून सुटते. धावगती मोजली जाते म्हणून क्रिकेटचा कर्णधार जिंकत असतानाही वेग वाढवतो. बेसबॉलचा मॅनेजर नेमके उलटे करतो, कारण जादा धावांची त्याला गरज नसते. मोठी आघाडी असली तर तो आपला सर्वोत्तम शेवटचा पिचर राखून ठेवतो. मोठी पिछाडी असली तर उद्याच्या सामन्यासाठी पिचरचे हात वाचवायला एखाद्या फलंदाजालाच चेंडू फेकायला उभे करतो. हे इतके वाढले की २०२३ पासून त्यावर निर्बंध आले: संघ आठ किंवा अधिक धावांनी मागे असेल, नवव्या इनिंगमध्ये दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल किंवा सामना एक्स्ट्रा इनिंगमध्ये गेला असेल, तरच तसे करता येते. अशा वेळी पडलेल्या धावा दोन्ही संघांच्या ताकदीबद्दल फारसे काही सांगत नाहीत. एखादा १७-३ चा सामना धावफरकात चौदा धावांची भर घालतो, आणि त्यातल्या निम्म्या धावा त्या क्षणी कोणालाच नको असतात. मे महिन्यातला धावफरक वाचताना असे एक-दोन सामने बाजूला काढून पाहावेत. पुष्कळदा अधिक १५ चा उणे १० होतो आणि दिलासा देणारा आकडाच नाहीसा होतो.

याउलट, ज्या संघाचा धावफरक खोल उणे आहे त्याच्याबद्दल शंका उरत नाही. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. त्यांचे ४१ विजय आणि १२१ पराभव झाले. जेम्सचे सूत्र त्यांना सुमारे ४५ विजय देते, म्हणजे नशिबाच्या नावावर मांडता येतील असे चारच.

मधल्या संघांचे मात्र ठरवणे कठीण जाते. २०२४ च्याच ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सचे ५५ विजय आणि ६३ पराभव होते, जॅक फ्लॅहर्टीसारखा पिचर त्यांनी नुकताच विकला होता, आणि फॅनग्राफ्स या बेसबॉल आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या गणितानुसार त्यांना बाद फेरीची ०.२ टक्के शक्यता होती. त्यांनी उरलेल्या ४४ पैकी ३१ सामने जिंकले, ८६ विजयांवर बाद फेरी गाठली, ह्यूस्टनला बाहेर काढले आणि पुढच्या फेरीत क्लीव्हलंडकडून पाचव्या सामन्यात हरले. हंगामाअखेरीस त्यांचा धावफरक अधिक ४० होता. हजारात दोन वेळा होणारी गोष्ट त्या वर्षी झाली, आणि ती होण्यासाठीही ८६ विजय मोजून मिळवावे लागले.