प्रोबेटवर खोटी हरकत आली तर: नागपूरकरांसाठी माहिती

नागपुरात केलेल्या आणि इथल्याच मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. तरी बँक अडून बसते, नातेवाईक भांडतात, मग सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जावं लागतं. मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, मालमत्तेची यादी, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), सगळ्या वारसांची नावं-पत्ते एवढं जोडायचं. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (ते अमलात आणणारा माणूस) नेमलेला नसेल तर प्रोबेट मागू नका. लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहायचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागा.

भांडखोर भावाचं नाव यादीतून गाळायचा मोह होतो. गाळू नका. त्याला नोटीसच गेली नाही, या कारणावरून हाती आलेलं प्रोबेटही उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६३ खाली रद्द होऊ शकतं.

हरकत घेणारा ‘मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका’ असा अर्ज देतो, ते कॅव्हेट. ‘कॅव्हेट ९० दिवसांनी आपोआप संपतं’ हे कोर्टाच्या आवारात हमखास ऐकायला मिळतं. ती मुदत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ ची. प्रोबेटमधलं कॅव्हेट उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८४ खालचं. त्याला ती लागू नाही. वाद उभा राहिला की त्याच कायद्याच्या कलम २९५ प्रमाणे प्रकरण दाव्यासारखं चालतं, म्हणजे पुरावा, उलटतपासणी, तारखा.

हरकतदाराचा हक्क आधी तपासा. ‘हा प्लॉट तुमच्या वडिलांचा नव्हताच, माझा आहे’ म्हणणाऱ्याला इथे जागा नाही. प्रोबेट कोर्ट मालकी ठरवत नाही, त्याने वेगळा दावा लावावा. वारसाने ‘फसवून सही घेतली’ म्हटलं तर कोणी, कधी, कशी, हा तपशील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे त्यानेच द्यायचा. मोघम आरोपावर तिथेच बोट ठेवा.

मात्र मृत्युपत्र सिद्ध करणं तुमच्यावर. नोंदणीकृत आहे म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही. मृत्युपत्रावर सही केलेल्या दोन साक्षीदारांपैकी हयात असलेला एक तरी कोर्टात हवा. दोघेही वारले असतील तर एका साक्षीदाराचं अक्षर आणि वडिलांची सही ओळखणारा माणूस शोधा, जुनं खरेदीखत, बँकेचे फॉर्म जपून ठेवा. सगळी मिळकत एकालाच दिली असेल किंवा लाभार्थीच वडिलांना नोंदणीला घेऊन गेला असेल, तर त्यामुळे येणारी शंका दूर करणंही तुमचंच काम.

खोट्या हरकतीबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली भरपाई मिळते, जास्तीत जास्त ३,००० रुपये! त्यापेक्षा खोट्या प्रतिज्ञापत्रावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली कारवाईचा अर्ज जास्त झोंबतो. दरम्यान भाडं कोणी लाटत असेल तर निकालापर्यंत उत्तराधिकार कायद्याच्या कलम २४७ खाली प्रशासक नेमायचा अर्ज लगेच द्या.