इंग्रजी अर्जातली वाक्यं जोडताना

आमच्याकडे टायपिंगला येणारे इंग्रजी अर्ज बहुतेक वेळा गिऱ्हाइकांनी स्वतः लिहिलेले असतात. खानापूर, निपाणी, चिकोडीहून लोक वहीच्या पानावर मजकूर उतरवून आणतात. मजकूर चोख असतो, अडतं ते वाक्यांच्या जोडावर. म्हणून हे पान छापलं.

'मी आयटीआय केलं, आता उद्यमबागेत कामाला आहे.' मराठीत नुसत्या स्वल्पविरामावर भागतं, इंग्रजीत नाही. दोन्हीकडे कर्ता-क्रियापदासह पुरं वाक्य असेल तर स्वल्पविराम हवा आणि पाठोपाठ उभयान्वयी अव्ययही: 'आय कम्प्लीटेड आयटीआय, अँड आय नाऊ वर्क इन उद्यमबाग.' दुसरा 'आय' गाळलात तर सहसा स्वल्पविरामही जातो.

अशी अव्ययं सात: अँड, बट, ऑर, सो, येट, नॉर, फॉर. अर्जाला पहिली चार पुरतात. 'ऑर' कुणाचं चुकत नाही. 'अथवा' मराठीत तोच, कन्नडातही तोच. 'फॉर' इथे 'कारण' या अर्थी येतं, पण ते पुस्तकी वाटतं, 'बिकॉज' लिहा. 'नॉर' नकारानंतर येतं आणि क्रियापद कर्त्याच्या आधी ओढतं: 'आय डिड नॉट रिसीव्ह द लेटर, नॉर डिड आय गेट अ कॉल.'

जास्त घोळ होतो तो जरी-तरीचा. आपल्या कानाला जोडी लागते, म्हणून 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट आय केम' असं लिहिलं जातं. इंग्रजीला दोनातलं एकच चालतं: 'ऑलदो' ठेवा नाहीतर 'बट'. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तसंच. यात अडाणीपणा काही नाही, ही मराठीची रीत आहे. फक्त ती तिकडे चालत नाही.

'बट' मात्र विचार करून वापरा. त्याच्या पुढे जे येतं तेच वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. 'आय हॅव सिक्स यिअर्स ऑफ एक्स्पीरियन्स, बट आय हॅव नो डिग्री' असं लिहिलंत तर साहेबाला डिग्री नसल्याचंच दिसणार. उलटं लिहा: 'आय हॅव नो डिग्री, बट आय हॅव सिक्स यिअर्स ऑफ एक्स्पीरियन्स.' शब्द तेच, खरं तेच, पण अर्ज तुमच्या बाजूने बोलतो. असं वाक्य दिसलं की आम्ही टाइप करण्याआधी तुम्हाला दाखवतो. विचारल्याशिवाय बदलत नाही.

कच्चा मजकूर मराठीत आणलात तरी चालेल.