ऊस स्पर्धा: टन मोजायचे की साखर?

निपाणी, चिक्कोडी, अथणीकडे उसाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘एकरी किती पडला?’ पीक स्पर्धेचं बक्षीसही बहुधा याच आकड्याला मिळतं. पण ऊस गाळायचा तो साखरेसाठी, आणि टन वाढवायच्या बऱ्याच युक्त्या नेमकी तीच घटवतात.

हिशेब करून बघा. एका फडात एकरी १०० टन ऊस, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) ९.५ टक्के: साखर साडेनऊ टन. दुसऱ्यात ८० टन, उतारा १२ टक्के: साखर ९.६ टन. बक्षीस पहिल्याला, साखर जास्त दुसऱ्याची. वरचे २० टन तोडायचा, वाहायचा खर्च वेगळाच.

पानांत तयार झालेली साखर आधी वाढीला लागते. उरेल ती कांड्यांत साठते. नत्र आणि पाणी मुबलक असेपर्यंत ऊस वाढतच राहतो. भरणीनंतरही, म्हणजे बुडाला माती लावून झाल्यावरही, युरिया टाकत राहिलं की उशिरा जाड, पाणचट फुटवे येतात. काट्यावर ते वजन दाखवतात, रस मात्र कच्चा असतो. तोडणीच्या तोंडावर दिलेल्या पाण्याचंही तेच. म्हणून पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडावं. काळ्या भारी रानात जरा आणखी आधी.

पक्वता फडातच कळते. उसात साखर बुडख्याकडून वर भरत जाते. बुडाच्या आणि शेंड्याच्या कांडीचा रस काढून रिफ्रॅक्टोमीटरच्या (रसाची गोडी मोजायच्या हातातल्या यंत्राच्या) काचेवर दोन-दोन थेंब टाका, झाकण मिटून उजेडाकडे धरा. बुडाला ब्रिक्स २० आणि शेंड्याला १४ आला, तर गुणोत्तर ०.७, ऊस अजून कच्चा आहे. ते १ च्या जवळ आलं की तोडायला घ्यावा. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेलं सगळंच मोजलं जातं, निव्वळ साखर नव्हे. बक्षिसाचा निकाल लावताना प्रयोगशाळेतच साखर तपासावी लागते. साखरतंत्र शिकवणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे. परीक्षकांत असा एक जाणकार असायलाच हवा.

शेतकरी टनामागे धावतो, यात त्याची चूक नाही. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला ३,५५० रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जादा. पण हा उतारा धरतात अख्ख्या कारखान्याचा सरासरी. गोड उसाचा फायदा सगळ्यांत वाटला जातो, टन तेवढे ज्याच्या त्याच्या पावतीवर.

स्पर्धेचा नमुना घेतानाही घोळ होतो. बांधाकडच्या सरींना ऊन-वारा जास्त मिळतो, ऊस जाड होतो. तिथला तुकडा तोडून एकराचा हिशेब केला की आकडा फुगतो. कडेच्या दोन-तीन सरी सोडून, चिठ्ठ्या टाकून आतले तुकडे निवडावेत. वाढे (हिरवे शेंडे) आणि पाचट (वाळलेली पानं) काढूनच वजन करावं आणि त्याच उसांचा रस त्याच दिवशी तपासावा. मोळ्या उन्हात पडून राहिल्या की साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागतं. मग एकरी टनाला साखरेच्या टक्केवारीने गुणावं आणि येईल त्या आकड्यावर नंबर लावावा.