मेफ्लॉवरवरच्या हॉपकिन्सचं गाव कसं सापडलं

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेला स्टीफन हॉपकिन्स ग्लॉस्टरशायरचा, असं वंशावळींत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. ते चुकीचं निघालं. स्टीफन हे नाव आणि हॉपकिन्स हे आडनाव, दोन्ही इंग्लंडमध्ये सर्रास आढळतात. नुसतं नाव जुळलं की माणूस सापडला असं मानायचं, ही या कामातली सगळ्यात जुनी खोड.

खरा धागा मुलांच्या नावांत होता. या प्रवाशांनी तिकडे वसवलेल्या वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवलेल्या प्रवाशांच्या यादीत जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही हॉपकिन्सच्या आधीच्या बायकोची मुलं म्हटली आहेत. बापाचं नाव स्टीफन आणि ही दोन्ही मुलं एकाच चर्चच्या नोंदवहीत, असा योग सहसा जुळून येत नाही. १९९८मध्ये केलब जॉन्सन यांनी हॅम्पशायरमधल्या हर्स्ली गावी नेमका तोच दाखवून दिला. तिथेच ९ मे १६१३ रोजी मेरी हॉपकिन्सच्या दफनाचीही नोंद आहे. म्हणजे ‘आधीची बायको’सुद्धा जागेवर बसली.

अशा नोंदी वाचताना तारखा फसवतात. कॉन्स्टन्सचा बाप्तिस्मा ११ मे १६०६चा, जाइल्सचा ३० जानेवारी १६०७चा. सख्ख्या भावंडांत जेमतेम साडेआठ महिने? पण इंग्लंडात १७५२पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. तो जानेवारी आपल्या हिशेबाने १६०८चा, म्हणजे अंतर वीस महिन्यांचं. म्हणून अशी तारीख १६०७/८ अशी दुहेरी लिहायची. लॅटिन नोंदींत जाइल्सचा ‘एजिडियस’ होतो. तोही शोधात घ्यायचा, नाहीतर नोंद डोळ्यांसमोर असून हातची जाते.

आपण हॉपकिन्सचे वंशज आहोत का हे शोधणारे मात्र स्वतःपासून सुरुवात करून मागे जातात. १८५०च्या अमेरिकन जनगणनेपर्यंत वाट बरी असते. त्याआधीच्या याद्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची नुसती डोकी मोजलेली. तिथून आणखी मागे जायला मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त यांवरच भिस्त.

डीएनए चाचणीवर फार विसंबू नये. बारा पिढ्या मागे पूर्वजांच्या ४०९६ जागा होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र उपयोगी पडतं, पण जाइल्सपासून अखंड पुरुषवंश असेल तरच.