पटिनिस्सग्ग आणि उत्क्रांतीतील प्रगती

पटिनिस्सग्ग या पाली शब्दाचा अर्थ धरलेले सोडून देणे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या पहिल्या प्रवचनात, तृष्णेचा निरोध सांगताना चाग (त्याग), पटिनिस्सग्ग, मुत्ति (मुक्ती), अनालय (अनासक्ती) हे शब्द ओळीने येतात. सजीवांच्या उत्क्रांतीला प्रगती समजून तिचे मोल मानणारा विचार एकोणिसाव्या शतकात युरोपात रुजला. सगळेच सोडायचे, तर पुढे जाण्याला किंमत ती काय, हा प्रश्न या दोहोंच्या भेटीतून उभा राहिला.

१८९३ साली तो दोन व्यासपीठांवर आला. मे महिन्यात ऑक्सफर्ड येथे इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी मांडले, की समाजाची नैतिक वाढ निसर्गातील झगड्याचे अनुकरण करून होत नाही, त्याला विरोध करून होते. डार्विनच्या खंद्या पाठीराख्याने हे म्हणावे, याला महत्त्व आहे. ईश्वर आणि आत्मा दोन्ही नाकारणारी बुद्धाची शिकवण एवढी दूरवर पसरली याचे त्यांना मोठे नवल वाटे. पण संन्यासाची वाट त्यांना जगातून काढता पाय घेण्याची वाटली. सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत सिंहली बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपाल यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत बुद्धाच्या शिकवणीत आधीपासून असल्याचे सांगितले.

पाली वाङ्मयात उत्क्रांती शोधणारे बहुधा दीघनिकाय या दीर्घ सुत्तांच्या संग्रहातील अग्गञ्ञ सुत्ताकडे बोट दाखवतात. त्यातली कथा मात्र उलट्या दिशेने चालते. आरंभीचे जीव प्रकाशमान, आकाशात विहरणारे, प्रीती, म्हणजे मनाचा आनंद, हाच त्यांचा आहार. त्यांतल्या एकाने पृथ्वीचा रस बोटाने चाखला, तृष्णा जागी झाली आणि हळूहळू शरीरे जड झाली. शिवाय हे सुत्त जन्माने श्रेष्ठ असल्याचा ब्राह्मणांचा दावा खोडण्यासाठी सांगितलेले आहे. त्यात जीवशास्त्र वाचणे म्हणजे त्याचा खरा जोर हरवणे होय.

नैसर्गिक निवडीलाही ठरलेली दिशा नाही. पट्टकृमीला पचननलिका उरलेली नाही, अंधाऱ्या गुहांतल्या काही माशांचे डोळे गेले आहेत, आणि जीवाणू आजही सर्वत्र आहेत. जगून प्रजा वाढवण्यास जे उपयोगी पडते ते टिकते. चाखलेले सुख लवकर ओसरते आणि जीव पुन्हा शोधाला लागतो, यामागेही हीच निवड असावी. तसे असेल तर तृष्णा हा आपल्याला मिळालेला वारसाच ठरतो, आणि उत्क्रांतीने दिले म्हणून ते चांगले, असे म्हणता येत नाही.

संन्यास म्हणजे जगातून काढता पाय, या हक्सले यांच्या आक्षेपाचे उत्तर तृष्णेच्या तीन प्रकारांत आहे : कामतण्हा (इंद्रियसुखांची हाव), भवतण्हा, विभवतण्हा. अधिकाधिक काहीतरी होत जाण्याची हाव ही भवतण्हा. मानवजातीच्या भवितव्याला कवटाळणेही तिच्यात बसते. पण सारे नकोसे होऊन नाहीसे होण्याची ओढ, म्हणजे विभवतण्हा, हीसुद्धा तृष्णाच. जगाकडे पाठ फिरवण्याला पटिनिस्सग्ग म्हणता येत नाही ते यामुळे.

मग प्रयत्नाचे काय? कोसंबीच्या घोसिताराम या विहारात उण्णाभ ब्राह्मणाने बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारले होते, की छंदानेच, म्हणजे इच्छेनेच, छंद सोडायचा तर हे काम कधी संपणार? आनंदाने उलट विचारले : या विहारात यावे अशी इच्छा तुला आधी झाली होती ना? येऊन पोहोचल्यावर ती शमली ना? इच्छा, उद्योग, विचार या सर्वांचे असेच होते. कुशल छंद (चांगल्याची इच्छा) आणि सम्यक् व्यायाम (योग्य प्रयत्न) यांना धम्मात मानाची जागा आहे. अलगद्दूपम सुत्तातला तराफाही पैलतीरी गेल्यावर सोडायचा. ऐलतीरावर तो फेकून दिला तर नदी कशी पार होणार? या अर्थाने प्रगती हा तराफा. दुःख कमी होण्यापुरते त्याचे मोल, आणि ते खरे मोल आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची मांडणी याच्या जवळची आहे. जगाची उत्पत्ती सांगणे हा धर्माचा हेतू आणि जगाची पुनर्रचना करणे हा धम्माचा, असा भेद त्यांनी केला. निर्वाणही त्यांच्या लेखी मरणोत्तर अवस्था नसून याच आयुष्यात विकारांवर ताबा ठेवून जगणे होते.