काच एकतर्फी नसते

कर्ज, दारू, मुलाची सुटलेली शाळा, आजीचं आजारपण. एवढं सगळं एकाच घरात आलं की शेजारी म्हणतात, नजर लागली. नजर कुणाची लागत नाही. एक ताण दुसऱ्याला वाढवत जातो. ‘समुपदेशक म्हणजे सल्ला देणारा’ हा समजही तितकाच चुकीचा. अशा घरांना सल्ल्यांचा तुटवडा कधीच नसतो.

मार्च १९८५, उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो. मनोविकारतज्ज्ञ टॉम अँडरसन आणि सहकारी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत बसून, ‘एकतर्फी’ म्हणवणाऱ्या काचेआडून अशाच एका कुटुंबाची मुलाखत ऐकत होते. आतल्यांना ती काच आरशासारखी दिसते, बाहेरच्यांना आरपार दिसतं. मुलाखत घेणारा तरुण डॉक्टर कुटुंबाच्या निराशेत ओढला जात होता. त्याला बाहेर बोलावून प्रश्न सुचवले, तरी आत गेल्यावर पुन्हा तेच.

त्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. थोडा प्रकाश परत फिरतो, थोडा आरपार जातो आणि तोही दोन्ही बाजूंनी सारखाच. उजेडातल्या खोलीत परावर्तित प्रकाशच इतका असतो, की अंधाऱ्या बाजूचा क्षीण प्रकाश त्यात हरवतो. काच एकतर्फी नसतेच. सगळा खेळ दिव्यांचा.

त्या दिवशी ‘आमचं बोलणं ऐकायचंय का?’ असं विचारून त्यांनी दिवे आणि ध्वनी उलटे केले. कुटुंब अंधारात, तज्ज्ञ उजेडात. ही कल्पना आधीही निघाली होती, पण काचेआड कुटुंबाबद्दल जे तोडून बोललं जायचं, ते त्यांच्यादेखत तोंडून निघालं तर? प्रत्यक्षात घरचे ऐकताहेत म्हटल्यावर भाषाच बदलली.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. कुणी थेट आपल्याशी बोलत असलं, की निम्मं मन उत्तराच्या जुळवाजुळवीत गुंततं. उत्तराची सक्ती नसली की मनातला संवाद मोकळा होतो. म्हणून या पद्धतीत तज्ज्ञ एकमेकांकडेच बघून बोलतात, तेही ‘असं तर नसेल?’ या सुरात. नंतर कुटुंब त्यावर बोलतं.

यामागे मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसनचं सूत्र आहे: माहिती म्हणजे फरक पाडणारा फरक. ‘आई हट्टी आहे’ हे रोजचंच, कानावरून जातं. ‘हिला मुलगा नकोच आहे’ हे इतकं परकं की मन मिटूनच घेतं. ‘मुलगा येईपर्यंत ती जागीच असते, तेव्हा काय चालत असेल तिच्या मनात?’ हे मधलं वाक्य आत शिरतं.

फिनलंडमधल्या तोर्निओच्या केरोपुदास रुग्णालयाने तर १९८४ मध्येच ठरवलं, रुग्णाच्या उपचारांची चर्चा त्याच्या पाठीमागे करायची नाही.